आमच्या मजल्यावरची कावीळ

ज्यांच्या घराला एकच खोली आहे, अशांसाठी मी हे लिहिते आहे. ज्यांना दोन-तीन खोल्या आहेत त्यांनी खुशाल वाचावं, पण त्यांच्यासाठी टीबीवर पुष्कळ लिहून ठेवलेलं आहे. आमच्या दवाखान्याच्या भिंतीवरसुद्धा आहे. ‘रुग्णाने वेगळ्या, हवेशीर खोलीत झोपावे.’ बाकावर बसून बसून ते वाक्य मला पाठ झालं. खाली चित्र होतं. चित्रात मोठी खिडकी, खिडकीला फुलाफुलांचा पडदा, आणि पलंगावर एक बाई एकटीच हसत बसलेली. मला त्या बाईचा भयंकर राग यायचा.

माझं नाव स्नेहल. लालबागला चाळीत दुसऱ्या मजल्यावर राहते. घरात नवरा संदेश, सासूबाई आणि आमची मुलगी अन्वी. अन्वी तेव्हा चार वर्षांची होती. संदेश लिफ्टच्या दुरुस्तीची कामं करतो. मी लोअर परळला एका ऑफिसात इन्शुरन्सचे क्लेम तपासायचे. माझा टीबी आता गेला, असं रिपोर्ट म्हणतो. पण मला सांगायचं आहे ते वेगळंच. तो माझ्याकडून अन्वीकडे कसा गेला, आणि माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसणाऱ्या बाईच्या मुलीकडे का गेला नाही, हे मला सांगायचं आहे. त्या प्रश्नाने माझी झोप खाल्ली आहे.

मिरचीचा खोकला

शिमगा झाला की आमच्याकडे सगळेच खोकतात. ते वर्षाचा मसाला करायचे दिवस असतात. गल्लीतले डंख, म्हणजे मसाला कुटायची यंत्रं, सुरू होतात. लोखंडी मुसळं सकाळपासून मिरच्या कुटत असतात आणि तो तिखट धुरळा जिने चढून घराघरात येतो. नवीन लग्न होऊन आलेली मुलगी पहिल्या वर्षी खोकून खोकून बेजार होते आणि जुन्या बायका तिला हसतात. माझंही तसंच हसू झालेलं. त्यामुळे त्या वर्षी मला खोकला सुरू झाला तेव्हा कुणी मान वर करूनही पाहिलं नाही.

“मिरचेचो खोकलो तो,” सासूबाई म्हणाल्या. “आमका सगळ्यांकाच येता. पाऊस पडलो काय जातलो.”

मलाही तसंच वाटलं. संध्याकाळी अंग गरम व्हायचं, ते उन्हाळ्यावर घातलं. रात्री घामाने उशी ओली व्हायची, तेही उन्हाळ्यावरच. वजन उतरत होतं, पण त्याबद्दल तर लोक माझं कौतुक करत होते. “काय गं, डाएट चालू आहे की काय?” ऑफिसातल्या मुली विचारायच्या. मी हसून मान हलवायचे. खोटं कशाला बोलू, बरं वाटायचं.

आमच्या घरचा मसाला म्हणजे फक्त आमचा नसतो. गावची जाऊ, घोडपदेवची नणंद, माझी आई, सगळ्यांचा एकदम. मिरच्या भाजून डबे भरून मी डंखावर रांगेत उभी होते. ओढणी नाकातोंडाला बांधली होती. खोकल्याची एक उबळ आली, ती थांबेचना. भिंतीला धरून उभी राहिले. जरा शांत झाल्यावर ओढणी सोडली तर तिच्यावर लाल डाग.

“ताई, तिखट पडलंय ओढणीवर, झटका,” डंखवाला म्हणाला.

मी झटकलं. ते झटकलं जाईना. बोट लावलं तर ओलं होतं. आजूबाजूला सगळं लालच होतं, जमीन लाल, पोती लाल, त्या माणसाच्या भुवया लाल. त्या सगळ्या लालीत ते एवढंसं रक्त माझ्याशिवाय कुणालाच दिसलं नाही. मी ओढणी घडी करून पिशवीत कोंबली, मसाला कुटून घेतला आणि डबे उचलून घरी आले. डबे टाकून यायचं मला सुचलंसुद्धा नाही.

दार

नाक्यावरच्या डॉक्टरांनी छातीचा फोटो काढायला लावला. फोटो दिव्यासमोर धरून म्हणाले, “टीबी आहे. घाबरू नका, आजकाल बरा होतो. गोळ्या सुरू करू.” बेडका तपासायचं त्यांनी काढलं नाही आणि मलाही विचारायचं कळलं नाही. घरी येऊन मी संदेशला सांगितलं. तो गॅलरीत कठड्याला टेकून उभा होता. माझ्या हातातली पिशवी घेऊन तो आत गेला.

सासूबाईंनी ऐकलं आणि आधी दार लावलं.

ज्यांनी चाळ पाहिलेली नाही त्यांना हे दार समजावून सांगायला हवं. आमच्याकडे सकाळी दूध आलं की दार उघडतं ते रात्री अंथरुणं पडेपर्यंत उघडं असतं. उंबऱ्यावर पडदा, बस. वाटी घेऊन कुणी आत येतं, पोरं या घरातून त्या घरात पळतात, समोरून जाणारा प्रत्येक माणूस आत एक नजर टाकून जातो आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. दिवसाढवळ्या दार बंद दिसलं तर घरात भांडण आहे किंवा काहीतरी लपवायचं आहे. आणखी एक गोष्ट. खोलीला खिडकी एकच, मोरीच्या वर, ती डक्टमध्ये, म्हणजे नळांच्या अरुंद पोकळीत उघडते. दार उघडं असेल तरच तिच्यातून वारा खेळतो. दार लावलं की ती खिडकी असून नसल्यासारखी.

“कोणी इचारला तर कावीळ झाली म्हणून सांग,” सासूबाई म्हणाल्या. “टीबी म्हटला काय लोकां आपल्याकडे पाणी पण पिवची नाय. आणि उद्या चेडवाच्या लग्नात काढतीत ह्या.”

चार वर्षांच्या मुलीचं लग्न! पण हसायचं त्राण नव्हतं. आणि खरं सांगते, मलाही कावीळ बरी वाटली. कावीळ चालते. कावीळ बाहेरचं पाणी प्यायल्याने होते, त्यात घराण्याचा काही दोष नसतो. बाया येऊन उसाचा रस देऊन गेल्या. सावंतकाकूंनी, म्हणजे आमच्या भिंतीला भिंत असलेल्या शेजारणीने, कुठल्याशा वैद्याचा पत्ता दिला.

आता गंमत बघा. काविळीला पथ्य असतं. तेल नाही, अंडं नाही, मासे नाहीत. आणि मला डॉक्टरांनी सांगितलेलं, अंडी खा, मासे खा, अंगात ताकद येऊ दे. बंद दाराआडच सासूबाई माझ्यासाठी बांगडा तळायच्या. वास बाहेर जाऊ नये म्हणून दाराच्या फटीत जुनं लुगडं कोंबायच्या. प्रेमानेच करत होत्या. स्वतःच्या ताटातला तुकडा माझ्या ताटात टाकायच्या. मी खोकत होते, अन्वी माझ्या मांडीवर बसून काटे काढलेला मासा खात होती, आणि त्या खोलीतून मासळीचा वाससुद्धा बाहेर जाऊ शकत नव्हता.

केतकी

केतकी माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसायची. माझी टीम लीडर, पण आमचं अगं-तुगं होतं. माहेर गिरगावातलं, पिढ्यान्‌पिढ्या मुंबईतच असलेलं, वडील वकील. सासर करी रोडच्या टॉवरमध्ये. तो टॉवर आमच्या चाळीच्या मागेच आहे. तिच्या बेडरूममधून आमचे पत्रे दिसतात. तो उभा राहिला तेव्हा आमच्या गॅलरीतला वारा गेला. संदेशने तिथे लिफ्टचं काम केलं होतं तेव्हा घरी येऊन सांगायचा, “वरती काय हवा असते माहितीये? पॅन्ट फडफडते.”

मी सुट्टीवर असताना तिचा फोन आला.

“स्नेहल, ऐक ना, कुणाला बोलू नकोस. मला टीबी निघालाय.”

मी फोन घेऊन मोरीकडे वळले. मग म्हणाले, “मलापण.”

दोघी रडलो. कुणी कुणाला दिला ते आम्ही तेव्हाही बोललो नाही आणि पुढेही कधी बोललो नाही. तिला खोकला होऊन जेमतेम आठवडा झाला होता. एसीमुळे असेल म्हणून ती छातीच्या डॉक्टरांकडे गेली. मिरचीच्या खोकल्यासाठी डॉक्टरकडे कुणी जात नाही, एसीच्या खोकल्यासाठी जातात. डॉक्टरांनी तिचा बेडका मशीनला लावला आणि कळलं की हा साध्या गोळ्यांना दाद न देणारा टीबी आहे.

“तुझा तपासला ना मशीनवर?” तिने विचारलं.

“नाही. गोळ्या चालू आहेत.”

“बरं वाटतंय का?”

बरं वाटत नव्हतं. गोळ्या घेऊन कितीतरी दिवस लोटले होते, ताप तसाच, खोकला तसाच.

“अगं बये, उद्याच्या उद्या जा,” ती म्हणाली. तिच्या त्या एका वाक्यामुळे मी आज जिवंत आहे, हे मला कबूल केलंच पाहिजे. तिच्यावर चिडण्याआधी मी स्वतःला दरवेळी याची आठवण करून देते.

पालिकेच्या दवाखान्यात तपासलं. माझाही तोच निघाला. मला तो निकाल सांगणारी डॉक्टर वयाने माझ्याहून लहान होती. ती म्हणाली, “आधीच्या गोळ्यांचा तुम्हाला काहीच उपयोग झालेला नाही. आता वेगळी औषधं. बरा होईल, पण वेळ लागेल.” मग पेन खाली ठेवून तिने विचारलं, “घरात लहान मूल आहे?”

इतके दिवस मी मरेन का एवढंच माझ्या डोक्यात होतं. अन्वी माझ्या कुशीत झोपते. दुसरीकडे झोपायला जागाच नाही. इतके दिवस जंतू जिवंतच होते, आणि दार बंद होतं.

अन्वीला कुठे ठेवू

अन्वीचा फोटो काढला, तो स्वच्छ आला. लहान मुलांना आधीच द्यायच्या गोळ्या असतात, पण माझा जंतू साध्या औषधांना जुमानत नाही म्हटल्यावर त्या तिला उपयोगी पडतील की नाही, हे छातीठोकपणे कुणी सांगेना. मोठ्या डॉक्टरांना विचारून सांगतो म्हणाले. तोवर तिला माझ्यापासून लांब ठेवा म्हणाले.

लांब म्हणजे किती? दहा बाय बाराच्या खोलीत लांब म्हणजे कुठे? संदेश आणि अन्वी गॅलरीत झोपले तर चाळ विचारणार, काविळीला एवढं काय? मी गॅलरीत झोपले तर आजारी बाईला बाहेर काढलं म्हणून बोलणार. काही दिवस मी मोरीकडे डोकं करून झोपले आणि मध्ये सासूबाईंनी कपाट सरकवून आडोसा केला. अन्वी रात्री कपाटाला वळसा घालून माझ्या पांघरुणात शिरायची. मी तिला ढकलायचे. ती म्हणायची, “आई, तू कट्टी आहेस का?”

घोडपदेवच्या नणंदेला खरं सांगून अन्वीला तिच्याकडे पाठवलं. तिने ठेवून घेतलं, तिचे उपकार आहेत. पण तिचीही एकच खोली, त्यात तिची दोन मुलं. तिच्या नवऱ्याने विचारलं, “हिला झालेला असला तर आपल्या पोरांचं काय?” चुकीचं काय विचारलं त्याने? ती मान खाली घालून अन्वीला परत घेऊन आली. चहासुद्धा न घेता गेली.

मग मी केतकीला फोन केला. तिने तिच्या मुलीला पहिल्याच दिवशी गिरगावात आईकडे पाठवलं होतं. स्वतः बेडरूममध्ये राहत होती. जेवण दाराबाहेर ठेवलं जायचं. व्हिडिओ कॉलवर मला तिची खिडकी दिसायची, आणि पडदा खरोखरच उडत असायचा. “वेड लागेल गं एकटीला,” ती म्हणायची. मी ऐकून घ्यायचे. मला त्या एकटेपणासाठी कुणी सांगेल ते करायची तयारी होती.

“केतकी, एक विचारू?” मी म्हटलं. “तुझ्या आईकडे अन्वी राहिली तर? थोडे दिवस. ती त्रास देत नाही. जमिनीवर झोपेल.”

मग ती म्हणाली, “आईला विचारते हं.”

पुन्हा तो विषय तिने काढला नाही. मीही नाही. नणंदेच्या नवऱ्याने जे तोंडावर विचारलं तेच केतकीच्या आईने मनात विचारलं असणार, इतकंच. तिच्या जागी मी असते तर मीही बहुतेक असंच केलं असतं. तरी त्या रात्री मी उशीत तोंड खुपसून केतकीला नाही नाही ते बोलले.

केतकीने तिच्या सोसायटीतही सांगितलं नव्हतं. तीही लपवतच होती. पाठीचं दुखणं आहे म्हणून सांगितलेलं. म्हणजे खोटं आम्ही दोघीही बोललो. पण तिच्या घरात आणखी दारं आहेत. बाहेरचं दार लावून लोकांपासून लपता येतं, आणि आतलं दार लावून मुलीला वाचवता येतं. आमच्या घराला एकच दार. ते लावलं की लोक बाहेर राहतात आणि आजार आपल्यासोबत आत.

पिवळी नाही, काळी

नव्या औषधांनी माझी कातडी काळवंडली. हात, गाल, सगळंच. पाय बधिर व्हायचे. पण ताप उतरला, खोकला उतरला, भूक लागायला लागली. पाण्याचा हंडा घ्यायला दार किलकिलं केलं तर समोर सावंतकाकू.

“काय गं, कावीळ ना? मग पिवळी व्हायची ती काळी कशी झालीस?”

“औषधं उष्ण आहेत, काकू.”

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. “हं,” म्हणाल्या आणि गेल्या. मी दार लावून घेतलं.

श्रावण संपता संपता चाळ रिकामी व्हायला लागली, लोक गणपतीला गावी निघाले. आम्ही त्या वर्षी जाणार नव्हतो. माझा बेडका स्वच्छ आल्याचं डॉक्टरांनी सांगितलं, आणि त्या आनंदात मी संदेशला म्हटलं, अन्वीला नवा फ्रॉक घेऊ. फ्रॉक आणला. अन्वीने तो घालूनच बघितला नाही. कोपऱ्यात बसून राहिली. अंग कोमट. कुरकुर. खाल्लेलं ओकली.

“दृष्ट लागली,” सासूबाई म्हणाल्या आणि मीठ-मोहरी ओवाळली. दवाखान्यात नेलं तर व्हायरल असेल म्हणाले. कुणाचं काही चुकलं असं नाही, त्या दिवसांत निम्मी मुंबई तापाने फणफणलेली होती. पण अन्वी बोलायची थांबली. आमची बडबडी अन्वी! हाक मारली की डोळे माझ्याकडे वळायचे आणि मध्येच कुठेतरी थांबायचे. एका दुपारी मी तिला उचललं तर तिची मान माझ्या खांद्यावर पडेचना, ताठच राहिली.

मी ओरडले. मी काय ओरडले ते मला माहीत नाही. संदेश कामावर होता. मी दार उघडलं, सताड उघडलं, आणि तोंडाला मास्क, काळवंडलेले हात, हातात ताठलेलं पोर, अशी गॅलरीतून धावत सुटले. जे लपवायचं होतं ते सगळं एकदम बाहेर आलं. सावंतकाकू माझ्या मागे अनवाणी धावल्या. टॅक्सीत त्याच माझ्या बाजूला बसल्या. परळच्या हॉस्पिटलपर्यंत रस्त्यात मंडपांचे बांबू आडवे होते आणि काकू खिडकीतून डोकं काढून लोकांना शिव्या घालत होत्या.

वॉर्ड

टीबी अन्वीच्या मेंदूच्या आवरणात गेला होता. पाठीत सुई घालून पाणी काढलं, त्यावरून कळलं. सुई घालताना मला बाहेर काढलं. ती रडली असती तर बरं झालं असतं. ती रडली नाही.

त्या वॉर्डातलं मी फार लिहिणार नाही. सकाळी लादी पुसायचे त्या फिनेलचा वास, राउंडच्या वेळी सगळ्या आयांनी एकदम उभं राहणं, आणि मग दिवसभर डब्यातला भात चिवडत मुलाच्या पापण्यांकडे बघणं. नव्या आईला जुन्या आया चहा द्यायच्या. एका नर्सने अन्वीच्या केसांना लाल रिबीन बांधली, अन्वीला शुद्ध नव्हती तरी. मी त्या नर्सच्या पायावर डोकं ठेवायचं बाकी होतं. कोण कुठून आलं ते मी कान देऊन ऐकायचे. शिवडी, गोवंडी, घोडपदेव, कुर्ला. सगळे पत्ते आमच्यासारखेच, अमुक चाळ, तमुक गल्ली, रूम नंबर. उंच इमारतीचा पत्ता कुणाच्याच तोंडून ऐकला नाही.

एका मोठ्या डॉक्टरांनी मला धीर द्यायला म्हटलं, “स्वतःला दोष देऊ नका. जंतूला गरीब-श्रीमंत कळत नाही.”

तेव्हा माझ्यात उत्तर द्यायचं बळ नव्हतं. आता देते. डॉक्टर, जंतूला माणूस कळत नसेल, पण त्याला खोली कळते. केतकीच्या आणि माझ्या छातीत एकच जंतू होता. ऑफिसात आम्ही एकाच हवेत बसत होतो, तिथपर्यंत आम्ही सारख्याच. वेगळ्या झालो त्या घरी जाऊन. तिला आठवड्यात डॉक्टर भेटला, मला मिरची आडवी आली. तिला पहिल्याच दिवशी बरोबर औषध मिळालं, मला दुसऱ्या खेपेला. तिची मुलगी गिरगावात गेली, माझी घोडपदेवहून परत आली. तिच्या खोलीत वारा होता, आमचा वारा तिच्या इमारतीने अडवलेला. यातली कुठलीच गोष्ट जंतूने केलेली नाही.

संदेश वॉर्डाबाहेरच्या जिन्यावर बसलेला असायचा. एकदा म्हणाला, “त्या टॉवरची लिफ्ट मी चालू करून दिली.”

सासूबाई वॉर्डात आल्याच नाहीत. घरी बसून राहिल्या.

सावंतकाकू

अन्वीने डोळे उघडून पाणी मागितलं त्या दिवशी सावंतकाकू डबा घेऊन आल्या होत्या. माझ्या शेजारी बाकावर बसल्या, पदराने तोंड पुसलं आणि हळू आवाजात म्हणाल्या, “स्नेहल, आमच्या नितीनला कॉलेजात असताना झालेला ना.”

“काय?”

“हेच. आम्ही पण कावीळच सांगितलेली.”

मी डबा बाकावर ठेवला.

“मला कळलेलं तुझं. खोकल्यावरून कळलं. पण तू लपवतेस तर मी कसं बोलू? मग तू मला विचारलं असतंस, तुम्हाला कसं कळलं.” त्या थांबल्या. “आणि खालच्या परबांची सून नाही का गेली. ती पण कावीळच.”

मला आमची गॅलरी आठवायला लागली. लग्न होऊन आले तेव्हापासून किती घरांत कावीळ झाली होती! टोकाच्या खोलीत, जिन्याजवळच्या खोलीत, खालच्या मजल्यावर. प्रत्येक वेळी मी ऊस नेऊन दिला होता. प्रत्येक वेळी दार किलकिलं उघडून एका हाताने तो आत घेतला होता. एकाच मजल्यावर एवढी कावीळ कुणाला कशी खटकली नाही? खटकली असेल. सगळ्यांनाच खटकली असेल, आणि सगळ्यांनीच उसाचा रस आणून दिला असेल.

मला हुंदका आला तो अन्वीसाठी नव्हता. भिंतीपलीकडे या आजारातून गेलेली बाई होती. दार उघडं ठेव, पोरीला लांब ठेव, बेडका आधी मशीनला लाव, एवढं ती मला सांगू शकली असती. मधल्या एका विटेच्या भिंतीने आणि एका शब्दाने अडवलं.

उघडं दार

अन्वी घरी आली. डावा पाय ओढते. शब्द सापडायला तिला वेळ लागतो, मग चिडते आणि हातातलं फेकते. औषधं अजून चालू आहेत. पुढे काय, ते डॉक्टर सांगत नाहीत, नुसतं “बघू” म्हणतात. मी नोकरी सोडली. केतकी पुन्हा कामावर गेली. तिच्या मुलीला काहीही झालेलं नाही. केतकीने अन्वीसाठी चित्रकलेचं सामान पाठवलं, मी फोन करून थँक्यू म्हटलं. मग आम्हा दोघींना पुढे काय बोलावं ते सुचलं नाही.

आमचं दार आता दिवसभर उघडं असतं. पडदासुद्धा काढून टाकला. त्याची किंमत मोजतो आहोत. आम्हा दोघींचा आजार आता कुणाला लागण्यासारखा नाही, तरी पोरं यायची बंद झाली. समोरून जाताना काही जण पदर नाकाला लावतात. हळदीकुंकवाचं बोलावणं आलं नाही. वाईट वाटतं, खोटं कशाला सांगू. तुमच्याही घरी हे होईल. तरी दार उघडा, असं मी तुम्हाला सांगते. माझ्याकडे सांगण्यासारखं एवढंच आहे.

सासूबाई दाराविषयी एक अवाक्षर काढत नाहीत. अन्वीला मांडीवर घेऊन उंबऱ्यापाशी बसून असतात. तिचा पाय चोळतात. पहाटे आमच्याआधी उठून दार उघडतात ते त्याच.

गेल्या आठवड्यात गॅलरीच्या टोकाचं, घाडींचं दार सकाळी उघडलं नाही. दुपारीही नाही. घाडी, त्याची बायको आणि त्यांचं तान्हं बाळ, एवढीच माणसं. सावंतकाकू म्हणाल्या, “बायकोला कावीळ झालीय म्हणे.” म्हणता म्हणता त्या माझ्याकडे बघायच्या थांबल्या.

सासूबाई उठल्या. अन्वीला कडेवर घेतलं, आताशा ती त्यांना पेलत नाही तरी घेतलं, आणि गॅलरीतून सगळ्यांच्या दारांवरून चालत टोकाला गेल्या. घाडींच्या दाराच्या फटीत आतून कापड कोंबलेलं होतं. सासूबाईंनी ते पाहिलं. हाताने दार वाजवलं.

“दार उघड गो,” त्या म्हणाल्या. “कावीळ नाय ती. माका ठावक आसा. बाळाक माझ्याकडे दी, पण दार उघड.”

आतून खोकल्याचा आवाज आला, मग तो तोंडात काहीतरी धरून दाबल्यासारखा झाला. बाळ रडायला लागलं. दार उघडलं नाही.

सासूबाई अन्वीला घेऊन तिथेच, बंद दारासमोर खाली बसल्या. मी बोलवायला गेले तर त्यांनी मान हलवली. संध्याकाळी दिवेलागण झाली तरी त्या तिथेच होत्या, आणि थोड्या थोड्या वेळाने दार वाजवत होत्या.